सायराचे अठ्ठावीस दाणे

नारीन शहराजवळच्या एका डोंगराळ गावातली निम्मी पोरं उलकानला नाळेची आई म्हणायची, कारण त्यांची नाळ तिनेच कापलेली. एकतीस वर्षांचा दवाखाना, थर्मासमधला चहा आणि तिखट जीभ, एवढाच तिचा संसार. त्यात ती मजेत होती.

शेजारच्या सायराची सून मेएरिम. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. नवरा तालाय वरच्या सोन्याच्या खाणीत; चौदा दिवस काम, चौदा दिवस घरी. तपासण्यांत दोघंही ठणठणीत. सायराने झऱ्यावरच्या झाडाला चिंध्या बांधल्या, घेवड्याचे एकेचाळीस दाणे मांडून कौल लावले. दाणे दर महिन्याला नातू द्यायचे आणि पाळी तो काढून घ्यायची. शेवटी सायराने जाहीर केलं, वसंतातल्या नवरोजच्या सणापर्यंत काही नाही तर सून माहेरी!

मेएरिम दवाखान्यात येऊन रडली. "उलकान एजे, हे खाणीवर परत जायच्या तीन दिवस आधी नेमकी पाळी येते. सासूबाई म्हणतात, विरहाच्या धास्तीने माझी कूस आधीच सुकते."

"दर वेळी तीन दिवस आधी?" उलकान चमकली. खाणीची फेरी अठ्ठावीस दिवसांची आणि हिची पाळीही तेवढ्याच दिवसांनी. हे आधी ध्यानात आलं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला. ती तडक सायराकडे गेली.

"दाणे काढ तुझे."

"आज कौल लागत नाही गं."

"कौल घाल चुलीत. मोजायचंय."

तिने अठ्ठावीस दाणे ओळीत मांडले. पहिले पाच लाल, पाळीचे. "पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाईचं बीज सुटतं. हे बघ, इथे. जगतं जेमतेम एक दिवस. आणि तुझा लेक येतो तीन दाण्यांनंतर. पंगत उठल्यावर पाहुणा दारात!"

"तीन वर्षं?" सायराने ते तीन दाणे पुन्हा मोजले. "आणि मी पोरीला बोल लावत राहिले."

"पुरुषाचं बीज चार-पाच दिवस तग धरतं. तालाय आठवडाभर आधी आला पाहिजे."

"मुलाला हे कोणत्या तोंडाने सांगू?"

सांगितलं नाहीच. ठरलेल्या दिवशी सायरा फोनवर फक्त कण्हली. सोबत्याशी कामाचे दिवस बदलून तालाय धापा टाकत आला, तर आई बोरसोकचे पिठाचे गोळे तळत होती. "बरं वाटलं हो," म्हणाली आणि बोचकं उचलून बहिणीकडे राहायला गेली.

जवळपास चार आठवड्यांनी ती मेएरिमला घेऊन दवाखान्यात आली. मूठ उघडली, तर आत पाच लाल दाणे. "तारीख उलटून आठ दिवस झाले. मांडायची वेळच येईना."

उलकानने तपासलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"मग, नवरोजला माहेरी पाठवतेस?"

"वेडी का तू! सणाची सुमोलोकची खीर कोण ढवळेल?" सायरा सुनेचा हात धरून उठली. लाल दाणे टेबलावरच राहिले, आणि तिने ते मागितलेही नाहीत.