गरम पाणी लावू नका

माझा मोठा भाऊ आखातात नोकरीला होता, तिथेच गेला. कागदावर हार्ट अटॅक लिहिलं होतं. त्याची शवपेटी भांडुपच्या घरी पोचवून एजंट निघताना मला म्हणाला, "चेहरा झकास सेट केलाय. थोडं रिस्टोरेशन आहे, वॅक्सचं. फक्त गरम पाणी लावू नका."

"हार्ट अटॅकने गेलेल्याला वॅक्स कशाला?"

"प्रवासात चेहरा उतरतो ना, साहेब."

मला काही हे पटलं नाही. माझा भाऊ काय विमानात दमला होता? वहिनी मात्र लगेच म्हणाली, "आंघोळ राहू दे, ओलं फडकं फिरवू." पण आई कुठली ऐकते. "माझ्या झिलाक आंघोळ घातल्याशिवाय नेव नकात," म्हणाली आणि स्वतःच पाणी तापवायला गेली.

पहिला तांब्या मी ओतला. डाव्या भुवईवरचं कातडीच्या रंगाचं मेण मऊ होऊन घसरलं. खाली टाके घातलेली खोल जखम होती.

"वहिनी, हे काय?"

आई दुसरी कळशी घेऊन येत होती. वहिनीने मेण अंगठ्याने परत जागेवर दाबलं आणि वर चंदन लावलं.

आईने त्याच कपाळावरून हात फिरवला. "झोपलोसो दिसता," म्हणाली.

तेरावं झाल्यावर मी वहिनीला पुन्हा विचारलं. तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"कुठली जखम, भावोजी?"