बसतोय, पण बसल्यावर?

रेल्वे फाटकाच्या अलीकडे टायरचं एक दुकान आहे. दुकान अरुंद, पण मालकाची जीभ ऐसपैस. त्याला सगळे दोनबोटे म्हणतात. हे काही त्याचं आडनाव नव्हे. टायर चढवून झाला की हा गडी जॅक उतरवतो, चाक आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यामधल्या फटीत दोन बोटं घालून बघतो आणि ती सुखासुखी आत गेली की म्हणतो, "बसतोय." नाही गेली तर टायर पुन्हा खाली. दुकानात मापाची पट्टी आहे, नाही असं नाही. तिनं तो पाठ खाजवतो.

हाताला यश होतं, पण जिभेला हाड नव्हतं. कुणाची गाडी झिजल्या टायरांवर आली की गाडीवाल्याचं खानदान निघायचं. "एवढ्या गुळगुळीत चाकावर घरून इथवर आलात? वडिलांची पुण्याई दिसतेय, पण ती परतीला पुरायची नाही." लोक हसायचे, टायर बदलायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा बोलणी खायला यायचे. गिऱ्हाइकांचं ठीक होतं. भानगड झाली ती सोयऱ्यांत.

मुलीच्या लग्नाची बोलणी करायला नवऱ्यामुलाचे चुलते आले होते. माणूस भारदस्त, दारातून आडवा शिरणारा, डोक्यावर औषधालाही केस नाही. सगळं गोडीनं ठरलं. निरोप द्यायला दोनबोटे गाडीपर्यंत गेला, नजर सवयीनं चाकांवर पडली आणि जीभ सुटली. "पाव्हणं, टायर अगदी तुमच्या वळणावर गेलेत. एक केस म्हणून उरला नाही."

लग्न झालं. पण चुलत्यांनी त्या दुकानाकडे पुन्हा मान वळवली नाही, आणि सासरी पोरीला मात्र उठता-बसता 'जिभेवाल्याची लेक' हे बिरुद लागलं. म्हणून परवा तिचा फोन आला तो तंबी देणारा.

"बाबा, हे रविवारी गाडी घेऊन येतायत. चाकं बदलायचीत. तुम्ही ह्यांना एक शब्द वाकडा बोलायचा नाही. बोललात, तर माझं पाऊल तुमच्या उंबऱ्यावर पडायचं नाही."

"अगं पण टायर चुकीचा असला तर?"

"असू दे. गप्प बसायचं."

पोरीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे बापाला ठाऊक होतं. ती त्याच्याच वळणावर गेली होती.

रविवारी जावई आला. तो शिंपी. अंगानं काठी, बोलणं मोजकं, दोऱ्यासारखं. गाडी मात्र बघण्यासारखी होती. जुनीच घेतलेली, पण आखूड स्प्रिंगा टाकून अशी खाली बसवलेली, की मांजर खालून जायचं म्हटलं तर त्याला पोट आत ओढावं लागलं असतं. मागच्या सीटवर चार नव्या चकचकीत रिमा, सतरा इंची. गाडीची मूळची चाकं पंधराची.

दोनबोटेच्या ओठांवर पहिलं वाक्य आलंच होतं. पण दुकानाच्या दारात स्टुलावर त्याची बायको वाटाणे सोलत बसली होती. वाटाणे हे निमित्त. तिला मुलीनं पाळतीवर बसवलं होतं. तिनं नुसती एक शेंग मोडली. टचकन आवाज आला, आणि वाक्य घशाखाली गेलं.

"या जावईबापू," तो म्हणाला. "टायर कुठला घालायचा म्हणता?"

"दोनशे पंचवीस, पन्नास," जावई म्हणाला. "माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीला आहेत. भरदार दिसतात. टायरच भरदार नसला तर एवढ्या मोठ्या रिमा घालून उपयोग काय?"

"खरंय," दोनबोटे म्हणाला. हे दोन शब्द काढताना त्याला दाढ काढल्यासारखं झालं.

शेजारी रेडिएटर दुरुस्त करणारा एक जाडजूड इसम होता. त्याला रेडिएटरवाला म्हणण्यापलीकडे कुणी कष्ट घेतले नव्हते. तो ऐकून जागचा उठला. "आज याला ताप आलाय का हो वहिनी?"

"तुम्ही तुमचं पाणी बघा भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

दोनबोटेनं टायर चढवले. हात चालत होते आणि पोटात वाक्यं साठत होती. या टायरात चाक मूळच्यापेक्षा चांगलं बोटभर वर येतं, हे त्याला न मोजता कळत होतं. आणि गाडी तर आधीच खाली बसलेली. जॅक उतरवला. त्यानं फटीत बोटं घातली. एक गेलं. दुसरं टेकलं. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका बोटावर म्हणाला, "बसतोय."

जावई गाडीभोवती एक चक्कर मारून आला. डोळे किलकिले करून, मान तिरकी करून, गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट बघावा तसं त्यानं बघितलं.

"बसतोय खरा," तो म्हणाला. "पण बसल्यावर?"

"कुणी बसल्यावर?"

"माणसं बसल्यावर. आमच्यात मामा, विजारीचं माप उभ्यानं घेतात, पण माणूस काही जन्मभर उभा राहत नाही. बसला की शिवण बोलते. मी नवा होतो तेव्हा एका वरातीत तीन विजारी फाडल्यात. माझ्या नव्हेत, लोकांच्या."

दोनबोटेनं आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. तीस वर्षं तो रिकाम्या गाडीच्या फटीत ती घालत आला होता. साध्या उंच गाड्यांना ते खपून जायचं. पण आधीच खाली बसवलेली गाडी माणसांच्या वजनानं आणखी बसली तर काय, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"भाऊ, या," तो रेडिएटरवाल्याला म्हणाला. "आज तुमच्या वजनाचा उपयोग होणार आहे."

मागे रेडिएटरवाला आणि दोनबोटे, पुढे वाटाण्याचं ताट मांडीवर घेऊन सासूबाई आणि चालवायला जावई. अशी वरात निघाली. फाटकाजवळ गतिरोधक होता. गाडी त्यावर चढली आणि उतरताना मागून असा आवाज आला, जणू कुणी पत्र्यावर जाडी खडीसाखर किसावी. वाटाणे ताटातून उडून सगळ्यांच्या अंगावर आले. वळणावर पुढची चाकंही आतून खरखरली.

जावयानं गाडी कडेला घेतली. खाली उतरून त्यानं टायरवर हात फिरवला. रबराचा कडेचा पट्टा सोलून निघाला होता. मग म्हणाला, "मामा, तुम्ही पहिल्यापासून ओळखलं होतं ना?"

दोनबोटेनं बायकोकडे बघितलं. ती ओच्यातले वाटाणे वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

"होय," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायची बंदी आहे. बोललो तर पोरगी माझ्या घरी पाऊल टाकायची नाही."

जावयानं कपाळाला हात लावला. "आणि मी इतके किलोमीटर लांब कशाला आलो? आमच्या गल्लीत टायरवाले काय कमी आहेत? ते गोड बोलून काहीही बसवतात. म्हटलं, सासऱ्याकडे जाऊ, तो चूक असली तर अब्रू काढील, पण चूक बसवणार नाही. तुम्ही 'खरंय' म्हणालात तेव्हाच मला शंका आली. ह्याच गाडीत तुमची पोरगी रोज माझ्याशेजारी बसणार आहे मामा."

बायकोनं मुठीतले वाटाणे ताटात टाकले. "बोला आता," ती म्हणाली. "नाहीतर फुटाल."

मग दोनबोटे बोलला. "जावईबापू, ही गाडी आहे की रांगणारं पोर? त्याला हत्तीचे पाय लावायला निघालात. म्हणे भरदार. तुमच्या अंगात माझा सदरा घातला तर तोही भरदार दिसेल, आत तुम्हाला शोधावं लागेल." रेडिएटरवाला डोळे पुसत हसत होता. जावईही हसत होता, पण मध्येच त्यानं बोट वर केलं.

"पण रुंदीच वाढवली ना मी? उंची कशी वाढली?"

"दुसरा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. रिम दोन इंचानं वाढलीच, वर रुंदी वाढली की तोच टक्का जास्त भरतो."

"म्हणजे पन्हा वाढला की लांबीही वाढते. विचित्र कापड आहे," जावई म्हणाला.

दुकानात परतल्यावर त्यांनी दोनशे पाच, पंचेचाळीस ठरवला. त्यात चाकाची एकूण उंची मूळच्याएवढीच राहत होती, उलट केसभर कमी. फक्त रिम मोठी, रबर पातळ. सोललेला टायर दोनबोटेनं दारात ठेवून त्यात तुळतुळीत दगड भरून बसायची जागा केली. नवे चढल्यावर त्यानं सगळ्यांना पुन्हा गाडीत कोंबलं आणि फटीत बोट घातलं. जावयानं खिशातून आपली शिंप्याची फीत काढली.

"तुमची बोटं माझ्या दीडपट आहेत मामा. तुमच्यावर माप कसं धरायचं?"

"फितीला अंदाज नसतो," दोनबोटे म्हणाला, पण आकडा वाकून वाचला.

पुढच्या रविवारी तीच गाडी पुन्हा दारात आली. पुढे जावई आणि मुलगी. मागे, अख्खी सीट व्यापून, चुलते. गतिरोधकावरून गाडी मुकाट आली होती. दोनबोटे धावत बाहेर गेला आणि नमस्कार करायचा सोडून ओरडला, "उतरू नका कुणी."

तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. एक बोट आत गेलं, वर थोडी हवाही उरली. आनंद झाला की लोकांना स्वर्ग दोन बोटं उरतो. त्याला एकच पुरला.

मुलगी खाली उतरली, उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि आईकडे बघून हसली. चुलते सावकाश उतरले. दोनबोटेनं मान वर केली. समोर ते डोकं उन्हात लखलखत होतं, खाली नव्या टायरचे रबरी केस. त्यानं दातांत जीभ धरली.

"बोला, बोला," चुलते म्हणाले. "यावेळी टायर माझ्या वळणावर नाहीत. तुमच्या जावयानं बजावलंय, तुम्ही गप्प बसलात तर आम्ही कुणी गाडीत बसायचं नाही म्हणून."