फणसाला वाळवी लागत नाही

तातू मेस्तांनी ती फळी चोरली नव्हती. मी नेली होती.

आज तिथीने त्यांचा दिवस. त्यांना जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. मी ब्याऐंशीची. आता तरी बोलायलाच हवं.

नात टाइप करतेय, मी सांगतेय. मध्येच थांबून माझ्याकडे बघते. मी म्हटलं, बघू नको, लिही.

साठ-एकसष्ट साल असेल. लग्न होऊन मी आरोंद्याहून मसुऱ्याला आले, त्याला जेमतेम आठ महिने झाले होते.

तातू मेस्त आमच्या वाडीचे सुतार. दारं, खाटा, नांगर सगळं करायचे, पण त्यांची खरी ओळख म्हणजे गणपतीचे पाट. आमच्याकडे मूर्ती घडवायला देताना प्रत्येक घर आपापला पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन देतं. वाडीतले सगळे पाट तातूंच्या हातचे. आणि सगळे फणसाचे.

लाकडाबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत.

"ऐनाच्या लाकडाक रंधो लावलो काय रंधोच रडता. फणस तसो नाय, वैनीनू. फणस सांगलेला आयकता."

ताजा कापलेला फणस हळदीसारखा पिवळा. वर्षं जातात तसा तांबूस होत जातो. नीट सुकवला तर वाकत नाही, पॉलिश न करताही चकाकतो. बाहेरचा पांढरा भाग किडे खातात, पण आतल्या पिवळ्या गाभ्याला वाळवी तोंड लावत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

आमच्या माळ्यावर, चुलीच्या धुरात, अशीच एक रुंद फळी तीन वर्षं सुकत होती. परसातला फणस पाडला तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, राखून ठेवलेली. कशासाठी ते मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही.

माझ्या आईचा आडाळो मोडला होता. आडाळो म्हणजे आमची विळी, पाटावर बसून नारळ खवतात ती. त्याचा आंब्याच्या लाकडाचा पाट किड्यांनी पोखरून टाकलेला. आई त्याच्याखाली दगड लावून नारळ खवायची.

पहिल्याच वर्षी सासरी माहेरासाठी काही मागायचं? माझी छाती होईना.

तातू छपराचे वासे बघायला आले होते. घरात कुणी नव्हतं. मी त्यांना फळी दाखवली आणि म्हटलं, हिचा आडाळो करून द्या.

त्यांनी फळीवर टिचकी मारली. मग माझ्याकडे बघितलं.

"ही फळी आडाळ्याक? तुमच्या मामंजीनी सांगल्यानी मां?"

"होय," मी म्हटलं.

एवढंच खोटं बोलले मी. एका शब्दाचं.

आडाळो झाला. भाऊ येऊन घेऊन गेला. आई इतकी खूश झाली की तिने शेजारपाजारी सगळ्यांना तो दाखवला.

श्रावणात मामंजींनी नवा पाट करायला तातूंना बोलावलं. फळी काढायला स्वतः माळ्यावर चढले आणि रिकाम्या हाताने उतरले.

खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, शेजारचे चार-पाच जण बसलेले. मी दाराआड, हातात पाण्याचा तांब्या.

"तातू, माळ्यार तूच चढललस. पाटाची फळी खंय आसा?"

पाटाची. देवाच्या पाटाची. मला ते तेव्हा कळलं.

तातूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही सगळं कळलं. मी मान खाली घातली.

तातू म्हणाले, "वाळवी लागलली. मीच भायर टाकलंय."

मग एक जण हसला.

"फणसाच्या गाभ्याक वाळवी? मेस्ता, आमका काय खुळे समाजतस?"

काहीही सांगता आलं असतं हो. चिरली, पडली, गाठ निघाली. खोटं बोलायची सवयच नव्हती त्या माणसाला. जे एक सुताराने कधीच म्हणू नये, नेमकं तेच तोंडातून निघालं.

मामंजी ओरडले नाहीत. "ऱ्हवांदे. तू जा आता," एवढंच म्हणाले.

मी तेव्हाही गप्प. तांब्या हातात तसाच.

त्या वर्षीचा पाट दुसऱ्या गावच्या सुताराने केला. पुढच्या वर्षी वाडीतल्या एकाही घराने तातूंना पाट सांगितला नाही. दारं सांगितली, नांगर सांगितला. देवाचं काम मात्र गेलं ते गेलंच.

दोनेक वर्षांनी पाणंदीत भेटले, तेव्हा मी रडत म्हटलं, आज मामंजींना सांगून टाकते.

"नको वैनीनू. तुमचो संसार मोडतलो, आणि माझा गेलला नाव काय परत येवचा नाय."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. त्याची आजही लाज वाटते.

अडुसष्ट-एकोणसत्तरला तातू गेले. मी भेटायला गेले. त्यांच्या बायकोने मला आत नेलं, माझे हात धरले.

"वैनीनू, त्यांचा तेवढा एकच चुकला. तुमची फळी. मनात ठेवू नकात."

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे?

"जावंदे. आमी कधीच इसारलंव."

मी त्यांना माफ केलं. मी!

नातीने टाइप करायचं थांबवलं. म्हणाली, आजी, त्यांच्या घरचे वाचतील.

त्यांच्यासाठीच लिहितेय. त्यांच्या नातवाला टॅग कर म्हटलं.

बाळा, तुझ्या आजीने माझी माफी मागितली होती. ती मी आज परत करतेय. उशीर झाला, फार उशीर झाला.

तातू मेस्तांनू, तुमका हात जोडतंय.