आशाच्या नावापुढच्या चांदण्या

लीलाबाईंचं गावाकडचं घर अठ्ठ्याहत्तर साली जळालं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि त्यांच्या वस्तीत पलिते शिरले. म्हाताऱ्या आईला घेऊन त्या चिकलठाण्यात आल्या, कारखान्याच्या भोंग्याबरोबर भरणाऱ्या एका खासगी शाळेत गणित शिकवू लागल्या. पलित्यांमागची तोंडं अंधारात दिसली नव्हती. सूड घ्यायचा तर कुणावर, हे नऊ वर्षं ठरेना. ते हेडमास्तर त्रिंबकरावांनी ठरवून दिलं.

रोज प्रार्थना संपली की त्रिंबकराव ओट्यावर उभे राहून बोट फिरवायचे. "तू, तू आणि तू. झाडू घ्या." ते बोट नेमकं बौद्ध वस्तीतल्या पोरांवरच थांबायचं.

"सर, रोज तीच मुलं कशी?" लीलाबाईंनी एकदा विचारलं.

"तीच कुठं, बाई? तुम्हाला सगळीकडं तेच दिसतं. पुरावा आहे काही?"

'पुरावा' हा शब्द लीलाबाईंनी दाताखाली धरून ठेवला.

त्याच वर्षी सरकारी योजनेतून शाळेला कॉम्प्युटर मिळाला. त्रिंबकरावांनी तो मखमलीत गुंडाळून कुलपात घातला. पोरं खिडकीतून बघून वहीत त्याचं चित्र काढायची. एवढाच कॉम्प्युटरचा तास! मग शिक्षणाधिकारी भेटीला येणार असं कळलं. महिनाभराचं प्रशिक्षण एकट्या लीलाबाईंचं झालेलं. त्रिंबकरावांनी किल्ली काढून दिली.

"दोन महिने आहेत. काहीतरी हलतं-चमकतं दाखवा. साहेब खूश झाले पाहिजेत."

काय दाखवणार, हे त्यांनी विचारलं नाही.

लीलाबाईंनी आठवीचा वर्ग यंत्रापुढं बसवला. आज कुणी झाडलं, ते रोज पोरांनीच टिपायचं, पोरांनीच बटणं दाबून भरायचं. एका दिवसाला नावापुढं एक चांदणी. बटणासाठी ढकलाढकली व्हायची. वर्षभर शेकडेवारीला घाबरणारी बौद्ध वस्तीतली आशा पंधरा दिवसांत तोंडी सांगू लागली, "बाई, वर्गात आमी दहात दोन, आन् झाडणारात दहात नऊ."

"अंदाजानं?"

"नाय बाई, मोजून."

पडद्यावर फक्त नावं आणि चांदण्या ठेवल्या. मथळा लीलाबाईंनी मुद्दाम दिला नाही.

भेटीच्या दिवशी हारतुरे झाले, नारळ फुटला. त्रिंबकरावांनी मखमल ओढली आणि लीलाबाईंनी दाखवलेलं बटण ऐटीत दाबलं. चांदण्या सरसर धावल्या. कुणापुढं दोन, कुणापुढं एक. आशाच्या नावापुढं सगळ्यात लांब रांग.

"ही आमची गुणवंत मुलं, साहेब," त्रिंबकराव छाती काढून म्हणाले. "मी स्वतः निवडतो. रोज सकाळी!"

एवढं तर लीलाबाईंनी मागितलंही नव्हतं.

"वा! आशा कोण?" साहेबांनी विचारलं. "बेटा, एवढ्या चांदण्या कशाच्या मिळाल्या?"

आशा उभी राहिली. "शाळा झाडल्याच्या, साहेब. एक चांदणी म्हंजी एक दिवस. सर सोताच निवडतेत."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी नावं पुन्हा सावकाश वाचली. मग पोरांना कोण कुठं राहतं ते विचारलं. त्रिंबकरावांच्या कपाळावरचं गंध घामानं नाकावर उतरलं.

"हे कुणी केलं?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"मुलांनी, सर," लीलाबाई म्हणाल्या. "पुरावा मागितला होता ना तुम्ही?"

साहेबांनी तिथंच हुकूम लिहिला. झाडायची पाळी यंत्रानं लावायची, सगळ्यांची सारखी, शिक्षकही त्यात.

बुधवारी त्रिंबकरावांची पाळी आली. धोतराचा सोगा खोचून ते वाकले. झाडू कसा धरतात, तेही या माणसाला ठाऊक नव्हतं. म्हातारं माणूस, गुडघे कुरकुरत होते. पोरं दारात हसायची थांबली. आशा पुढं झाली, "द्या सर, मी झाडते."

लीलाबाईंचाही हात क्षणभर पुढं गेला होता. तो त्यांनी मागं घेतला.

"आशा, जागेवर बस," त्या म्हणाल्या, खुर्ची ओढून दारात बसल्या, आणि शेवटची फरशी होईपर्यंत बघत राहिल्या.