कुंडीतला स्प्रूस

अन्याय झाला तो माझ्या मामावर. नव्वदच्या दशकात, नाताळ उलटल्यावरच्या पहिल्याच शनिवारी, सकाळी कामावर हजर झाल्या झाल्या. मामा बहारीनमध्ये, माहूजमधल्या एका कंपाउंडचा, म्हणजे भिंतीआडच्या बंगल्यांच्या वसाहतीचा माळी. फाटकाजवळ कुंडीत ठेवलेलं नाताळचं झाड वाळलं आणि सुपरवायझरने परस्पर ठरवलं, ते यानेच मारलं.

"खारा पानी डाला ना? व्हिसा कॅन्सल!"

मामा म्हणाला, "चुकलं साहेब."

आमची माणसं मरतात ती इथे. साहेब ओरडला की आधी चुकलं म्हणायचं, काय चुकलं ते मागाहून विचारायचं. खारं पाणी त्याने घातलं होतं, ते खरंच. त्याच्या लेखी सुयांसारखी पानं असलेलं कुठलंही झाड म्हणजे सुरू, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सुरूला कोण गोडं पाणी घालतो?

मामाचा निरोप मिळताच मी शेजारच्या झिंज भागातून तडक तिथे गेलो. बॉटनीत बीएस्सी झालो होतो आणि कॉलेजात चळवळीची पत्रकं वाटून वाटून भीड केव्हाच चेपली होती. फांदी मोडून मामाच्या हातात दिली.

"सुई बोटांत फिरव. चौकोनी लागते ना? आणि एकेक सुटी. पाइनच्या सुया जुडीने येतात. सुरूची तर सुई नव्हेच, पेरापेरांची काडी. हा स्प्रूस. बर्फातला. तुमची खोकी, फळ्या, कागद, सगळं यातून होतं."

"लेक्चर मत दो," सुपरवायझर खेकसला.

"बरं, नाही देत."

मी खोड दोन्ही हातांनी धरून खेचलं. झाड अलगद वर आलं. खाली करवतीने सपाट कापलेला बुंधा, मूळ एकही नाही! तोडलेलं झाड मातीत खोचून जिवंत म्हणून विकलं होतं. त्याला गुलाबपाणी घातलं असतं तरी ते वाळणारच होतं.

सुपरवायझरने झाड पायाने बाजूला सारलं. "खलास, खलास. काम पे जाओ."

व्हिसा वाचला. 'सॉरी' मात्र कुणी म्हणालं नाही. उलट मामाच मला दटावत होता, "अरे, साहेबासमोर एवढा आवाज चढवतात काय?"

चढवतात. आखातात तुमच्याही इमारतीखाली असा एक माळी राबतो आहे. त्याने मान खाली घातली म्हणजे त्याने गुन्हा केला, असं धरून चालू नका. खाली उतरा, झाड उपटा, बुंधा स्वतः बघा. आणि बुंधा न बघता जो त्याच्या व्हिसाला हात घालेल, त्याला तिथल्या तिथे अडवा.