मंदाताई जागेवर नव्हत्या

मंदाताई गेल्याचं मला कळलं ते तळेगाव चौकात, गाडीत अडकलेलो असताना. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस आणि हातात मोबाईल. आमच्या विद्यापीठाच्या सुरक्षारक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मुलांच्या शिबिराचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्यात मलाही घेतलेलं आहे. पाण्याचा टँकर आत आला, दोन नंबरच्या गेटचा दिवा गेला, असे निरोप त्यावर दिवसभर चालू असतात. त्यातच एक ओळ होती, की येळवंडे मावशी पहाटे हार्ट अटॅकने वारल्या, अंत्यविधी अकरा वाजता. त्याच्याखाली टँकर बाहेर गेल्याचा निरोप. मी अकराला पोचलो नाही. चौक सुटला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि खरं सांगायचं तर उशीर झाला म्हणून मला आतून थोडं हायसंच वाटलं. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. रहाटणीहून चाकणच्या बाजूला रोज जातो-येतो आणि त्या जाण्यायेण्यातच माणूस अर्धा संपतो. दर उन्हाळ्यात आम्ही शाळेतल्या मुलांसाठी दहा दिवसांचं विज्ञान शिबिर घेतो. पाचवी ते नववीची शंभरेक मुलं असतात. बरीचशी कंपन्यांमध्ये काम करणाऱ्यांची, काही आसपासच्या गावांमधली. सकाळी आठ ते बारा. मंदाताई विद्यापीठाला एजन्सीकडून मिळालेल्या रक्षकांपैकी एक. मागच्याच गावातल्या, जुन्या शेतकरी घरातल्या. विद्यापीठाचं पार्किंग आज जिथे आहे तिथे त्यांच्या सासरचं कांद्याचं वावर होतं. हे त्या सांगायच्या तेही गाऱ्हाणं म्हणून नाही, पाहुण्याला मोरीची दिशा दाखवावी तसं.

शिबिर सुरू झालं त्याच वर्षी वरून फर्मान आलं, की आवारात येणाऱ्या लहान मुलांच्या सुरक्षिततेचे नियम करा. नियम करायला अर्थातच मी. चौदा पानं झाली, इंग्रजीत. पालकांची संमती, शिक्षकांची पोलीस पडताळणी, मोठ्या माणसानं मुलाबरोबर बंद खोलीत एकट्यानं थांबायचं नाही, मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं... मी वैतागलो होतो. शिबिर घ्यायचं की कागद रंगवायचे, असं सगळ्यांना ऐकवत फिरत होतो. गेटवरच्या रक्षकांना हे समजावून सांगा असं सांगितल्यावर मी मंदाताईंना अर्धा तास मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी दार उघडं, मोठी मान्सं दोन, आन् आईला फोन. एवढंच ना?" माझी चौदा पानं एका दमात संपली. थोडा रागच आला मला.

पण त्या नियम पाळायच्या, आणि ते बघणं फार दमवणारं असायचं. प्रयोगशाळेच्या दारात त्या खुर्ची आडवी लावून ठेवायच्या, दार मिटूच नये म्हणून. आमचे एक ज्येष्ठ सहकारी चिडले. आतलं उपकरण नाजूक, धूळ जाते, एसी वाया जातो. मंदाताई म्हणाल्या, "पोरं गेल्याव मी सोता पुसून देते सर, पर दार न्हाई लावायचं." ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी मध्ये पडलो, म्हणजे मंदाताईंना सांगितलं की सर आपलेच आहेत, जरा समजून घ्या. त्यावर त्या इतकंच म्हणाल्या, की आपलेच असले तर त्यांना उघड्या दाराचा तरास कशापायी व्हावा. खुर्ची तिथेच राहिली.

मुलं घरी सोडायची त्यांची पद्धत तर सगळ्यांच्या डोक्यात जायची. पहिल्या दिवशी आईकडून एक कार्ड भरून घ्यायच्या. मुलाला न्यायला कोण कोण येणार, फोन नंबर काय आणि घरचं काही सांगायचं असेल तर ते. बारा वाजता कोणी मूल न्यायला आलं, की कार्ड काढायच्या. नाव नसेल तर त्या माणसानं पुढे केलेल्या फोनवर कधी बोलायच्या नाहीत. कार्डावरचा नंबर स्वतः लावायच्या. आई कंपनीत मशीनवर असायची, फोन लॉकरमध्ये. मग थांबा. काका, मामा, शेजारी, सगळे गेटवर उन्हात ताटकळत, आणि बोलणी मी खायची. आणखी एक त्यांची सवय होती. आम्ही मुलांना विचारायचो, "ओळखतोस ना यांना?" त्या विचारायच्या, "जायचंय का रं यांच्यासंगं?" मी एकदा म्हटलं, काय फरक पडतो. तर म्हणाल्या, "सर, वळखीची मान्सं लई असत्यात." मी हसलो होतो.

तिसऱ्या वर्षीचा शेवटचा दिवस होता. मुलांनी बाटल्यांची रॉकेटं उडवली होती, सगळं मैदान चिखलानं भरलेलं, आणि मी सकाळपासून घसा खरवडून ओरडत होतो. सव्वाबाराला एका मुलाला उन्हानं उलट्या सुरू झाल्या. मंदाताईंनी त्याला कडेवरच उचललं आणि आवारातल्या दवाखान्याकडे निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "सर, मी येईस्तवर कुणालाबी सोडू नगा." मी म्हटलं, "हो, जा तुम्ही."

पाच मिनिटांत एक माणूस आला. करडा गणवेश, खिशावर कंपनीचं नाव, गळ्यात आयकार्ड. एका अकरा वर्षांच्या मुलीचं नाव घेऊन म्हणाला, तिच्या पप्पांना ओव्हरटाइम लागलाय, त्यांनी मला पाठवलंय. त्या मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही, मंदाताईंनी लिहू दिलं नसतं. तिच्या फॉर्मवर वडिलांची कंपनी तीच होती, एवढं मला आठवत होतं. आमच्या या पट्ट्यात कंपनीचा गणवेश म्हणजे माणसाचं सगळं आलं. बँकेत, भाड्याच्या घरासाठी, लग्नाच्या बैठकीत, आधी विचारतात कुठल्या कंपनीत. मीही तेच बघितलं. आयकार्डवरचा फोटो माणसाशी जुळवला आणि स्वतःवर खूश झालो, की बघा, मी तपासतो. मुलीला विचारलं, "ओळखतेस ना काकांना?" तिनं मान हलवली. मी रजिस्टरवर सही केली आणि तिला सोडलं. कार्डांचा डबा टेबलावर माझ्या कोपराजवळ होता.

मंदाताई परत आल्या त्या मुलं मोजतच. एक कमी म्हटल्यावर त्यांनी कार्ड काढलं, वाचलं आणि लगेच आईचा नंबर लावला. कार्डावर आईनं लिहिलं होतं, फक्त मी किंवा माझी आई. वडील वेगळे राहतात, कोर्टात चालू आहे. याआधी एकदा त्यांनी मुलीला परस्पर नेलं होतं आणि आठ दिवस आईला तिचा आवाजसुद्धा ऐकू दिला नव्हता.

पुढचे साडेचार तास मी कधी सांगितले नाहीत, आताही नीट सांगता येणार नाहीत. आई आली, पोलीस चौकी झाली, फोनाफोनी झाली. पाचच्या सुमारास मुलगी दापोडीत वडिलांच्या बहिणीकडे सापडली. शारीरिक इजा काही नव्हती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. आईनं अकरा वर्षांच्या त्या पोरीला कडेवर घेतलं, चपला तशाच लोंबत होत्या, आणि रिक्षात बसायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मी लिहून दिलं होतं ना." आवाज अजिबात चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयानं अहवाल मागितला. मी लिहिलं, की घटनेच्या वेळी मुलांच्या प्रवेशद्वारावरील सुरक्षा कर्मचारी श्रीमती येळवंडे जागेवर उपस्थित नव्हत्या. यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या कुठे होत्या हे मी लिहिलं नाही, काय सांगून गेल्या होत्या ते लिहिलं नाही आणि सही कोणाची होती तेही नाही. रजिस्टर माझ्या कपाटात होतं. कोणी मागितलं नाही, मी दिलं नाही. एजन्सीनं मंदाताईंना मेमो दिला, मुलांच्या कामावरून काढलं आणि मागच्या, माल उतरवण्याच्या गेटवर टाकलं. त्यांनी मेमो अंगठ्यानं धरून दोनदा वाचला आणि सही केली, असं मला सुपरवायझरनं सांगितलं. मी तेव्हा शेजारच्याच खोलीत होतो.

त्या मला चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. महिन्याभरानं मागच्या गेटवर भेट झाली तेव्हा म्हणाल्या, "सर, तेवढं कागदाव नीट करून द्या. मला पोरांकडं परत जायचंय." तुम्ही केलंत, असं नाही म्हणाल्या. मी म्हटलं, "करतो ताई, बघतो." मग मूल्यांकन समिती आली, मग परीक्षा, मग मला मणक्याचा त्रास... कारणांना काय तोटा? पुढच्या शिबिराआधी त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, या वर्षी जरा थांबा, विषय अजून ताजा आहे. विषय ताजा होता तो फक्त माझ्यापुरता, बाकी सगळे विसरले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःबद्दल काही काढलंच नाही. विचारलं, "नवी पोरगी आयांना फोन लावती का?" मी म्हटलं, "लावते की." मला माहीत नव्हतं. त्यानंतर दीड वर्ष फक्त "नमस्कार सर". ट्रकांचे नंबर लिहिता लिहिता मान वर करून. मी हळूहळू गाडी पुढच्या गेटनं आणायला लागलो. ते लांब पडतं.

दहावा झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. जाववत नव्हतं, पण गेलो. त्यांची मुलगी एका कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्ट बदलून घरी थांबली होती. तिनं चहा केला. मी नेहमीचं बोललो, फार प्रामाणिक बाई होत्या वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मागच्या गेटवर टाकल्यावरही शिबिराच्या दिवसांत आई दीड-दोनला घरी यायची, सर. ड्युटी तर बाराला सुटायची."

मी विचारलं, "मग कुठे असायच्या?"

"तुमच्या पुढच्या गेटसमोर. रस्त्याच्या पलीकडं, पंक्चरवाल्याच्या छपरात. शेवटचं पोर जाईस्तोवर उभी राहायची. पोरांपाशी कोण जाऊ देतंय आता हिला? मी चिडायची. म्हणायची, उन्हात कशाला मरतेस, तुला काढलंय ना त्यांनी. दोन वर्षं केलं असं."

मी दोन वर्षं त्याच गेटवर मुलं सोडत होतो. रस्त्यापलीकडे मी एकदाही बघितलं नव्हतं.

चहा निवला. मुलगी म्हणाली, "सर, एक विचारू? त्या दिवशी आई खरंच जागेवर नव्हती का? आमच्या आळीत अजून बोलतात, की हिच्या गाफीलपणानं पोरगी गेली. आईला विचारलं तर म्हणायची, जाऊ दे."

मी तिला सांगितलं. आई जागेवर नव्हती, कारण उलट्या करणाऱ्या एका पोराला घेऊन ती दवाखान्यात गेली होती. मला बजावून गेली होती. कार्ड न बघता मुलीला मी सोडलं, सही माझी आहे, रजिस्टर माझ्याकडे आहे. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला उठ म्हणेल. तिनं माझा निवलेला कप उचलून बाजूला ठेवला.

"हे मला सांगून काय उपयोग, सर," ती म्हणाली. "ऑफिसात सांगायचं होतं. ती असताना."

त्यानंतरही मला चार दिवस लागले. लाज वाटते लिहायला, पण लागले. गेल्या सोमवारी पत्र लिहिलं, एक पानाचं, मराठीत. रजिस्टरच्या त्या पानाची प्रत जोडली. या वर्षीच्या शिबिराची जबाबदारी माझ्याकडे ठेवायची की नाही ते ठरवावं, असंही लिहिलं. ठेवतील असं वाटत नाही, आणि ठेवूही नये. कार्यालयात आवक-जावक बघणारे गृहस्थ माझ्याच वयाचे आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांनी पत्र सावकाश वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कपाटाकडे गेले, तिथूनच मागे वळून मला म्हणाले, "सर, एजन्सीनं त्यांची फाईल बंद करून पाठवलीये. बाई तर गेल्या. आता हे मी कोणाच्या फायलीला लावू?"

"माझ्या," मी म्हटलं.