माइकवरचं गाऱ्हाणं

वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत निम्मी घरं कोकणातली, त्यामुळे देवळात नारळ फुटायचा तर आधी गाऱ्हाणं घालावं लागतं. एकाने देवाला मोठ्याने विनवायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक विनवणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गावी हे काम माझे वडील करायचे, इथे ते माझ्याकडे आलं. वागळे इस्टेटच्या कारखान्यात मशीनवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय, की देवाला ऐकू न येण्याची सोयच नाही.

मागच्या महापालिका निवडणुकीत मी माती खाल्ली, ते आधी सांगून टाकतो. एका उमेदवाराने प्रचाराचा नारळ आमच्या देवळात फोडला. मला फेटा बांधला, शाल दिली, हातात माइक दिला. मी फुललो. “ह्या तुझ्या लेकराक निवडून आण रे म्हाराजा, आमची सगळ्यांची मतां तेच्याच पदरात पडांदे रे म्हाराजा!” असं मी ओरडलो आणि भरलेला मांडव ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. घरी येऊन शाल कपाटात ठेवली आणि विसरून गेलो.

आमच्या तळमजल्यावरची म्हातारी मात्र विसरली नाही. ती गेटबाहेर आमसुलं, कुळथाचं पीठ, सुके बांगडे घेऊन बसायची. ती जागा तिला ज्याने मिळवून दिली, तो माणूसही त्याच निवडणुकीत उभा होता आणि तिला मत त्यालाच द्यायचं होतं. तरी तिने ते माझ्या गाऱ्हाण्यातल्या उमेदवाराला दिलं. तो निवडून आला, गेटवर त्याच्या नावाची कमान उभी राहिली आणि कमानीच्या खांबापायी म्हातारीची जागा गेली. मी हळहळायला लागलो तर म्हणाली, “तुझ्या गाराण्याक मियां व्हय म्हटलंय रे झिला. देवाम्होरचो शब्द फिरवू कशी?”

मला माझीच लाज वाटली. मतदान केंद्रात पुठ्ठ्याचा तो आडोसा कशासाठी असतो? तिथे माणसाच्या मानगुटीवर कोणी बसू नये म्हणून. घरचा कर्ता पुरुष नको, मालक नको, पक्षाचा माणूस नको. आणि मी काय केलं, तर देवालाच त्या आडोशाआड नेऊन उभं केलं, तेही एका उमेदवाराचा माणूस म्हणून! मी नास्तिक नाही. रोज पूजा करतो, म्हणून तर हे जास्त झोंबलं.

या खेपेला तोच उमेदवार पुन्हा उभा राहिला. त्याचे दोन कार्यकर्ते घरी आले.

“काका, रविवारी नारळ आहे. तुमचं ते गाऱ्हाणं पाहिजेच. भाईंनी खास सांगितलंय.”

“देवळात मत मागायचं नसतं रे. आचारसंहिता आहे.”

“मागतंय कोण काका? आपण फक्त आशीर्वाद घेतोय. देव काय आयोगाकडे कम्प्लेंट करणारे का?” एक जण हसला. दुसरा उठता उठता म्हणाला, “तुम्हाला जमत नसेल तर दुसरा कोणी बघू. टेन्शन नका घेऊ.”

मी नाही म्हणणार होतो, पण त्या वाक्यावर थांबलो. दुसरा कोणीतरी तेच बोलला असता आणि म्हातारी पुन्हा बांधली गेली असती. मी येतो म्हणालो. बायकोने माझा चेहरा वाचला. “हात दाखवून अवलक्षण करू नका. बिल्डिंगच्या पुनर्विकासाचं सगळं त्यांच्याच हातात आहे.” तिचं चूक नव्हतं. मलाही भीती वाटत होती, पण फेटा नको म्हणून मी आधीच कळवून टाकलं.

रविवारी मांडव भरला होता. म्हातारी पुढेच बसली होती. उमेदवार देवासमोर डोळे मिटून, हात जोडून उभा. एक माइक त्याच्यापुढे, एक माझ्यापुढे.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंची इडापिडा टाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मागच्या खेपेक ह्याच जाग्यार मियां तेंचो शब्द बांधून घेतलंय, तो आज सोडून दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जेचा मत तेच्याच हातात रवांदे रे म्हाराजा! आणि जो कोण तुझा नाव घेवन मतां मागात, तेका तू बरी बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आमच्या लोकांची ही सवयच. ‘रे म्हाराजा’ कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं, अर्थ मागाहून पोचतो. सगळ्यात मोठा ‘व्हय’ उमेदवाराचा होता, कारण त्याच्यापुढे माइक होता. मग मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि त्याने डोळे उघडले. मी नारळ फोडला.

“काका, भाईंचा पोपट केलात तुम्ही,” कार्यकर्ता दात ओठ खात म्हणाला.

“मी कुठे? भाई स्वतः व्हय म्हणाले.”

देवळाच्या समितीने आठवड्याभरात मला निरोप धाडला, की यापुढे गाऱ्हाण्याला दुसरा माणूस बघितलाय. बघा की! देवाशी बोलायला मला समितीचा माइक लागत नाही. पुनर्विकासाचं काय होईल ते होईल. घाबरून पुन्हा देवापुढे मतं मागणारे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, एवढं मी ठरवलंय.

मतदानाच्या दिवशी दुपारी म्हातारी जिन्याच्या पायरीवर बसलेली दिसली.

“झालं का मतदान, काकी?”

तिने शाई लावलेलं बोट माझ्यापुढे नाचवलं. कोणाला दिलं असं मी विचारणार नव्हतोच, पण तिने मला संधीच दिली नाही.

“ह्या खेपेक कोणाक दिलंय,” ती म्हणाली, “ता मियां देवाकसुद्धा सांगूक नाय.”